दुखण्याचा पत्ता शोधणारे हात

खांदा वर उचलत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि एक्स-रे मात्र निर्दोष येतो. अशा रुग्णाचे करायचे काय, हा प्रश्न १९२९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नुकताच डॉक्टर झालेल्या एका तरुणाला पडला. हाड मोडले असेल, सांधा निखळला असेल, तर अस्थिशल्यचिकित्सेकडे त्यासाठी उपाय होते. पण स्नायू, कंडरा, अस्थिबंध, सांध्याभोवतीचे आवरण यांपैकी काहीही एक्स-रेवर उमटत नाही, आणि दुखणाऱ्यांतले बहुसंख्य लोक तर याच मऊ भागांमुळे दुखावलेले असतात. अशांच्या कागदावर संधिवात किंवा तत्सम एखादा सैल शब्द लिहिला जाई आणि त्यांची रवानगी शेक आणि मालिश देणाऱ्या विभागाकडे होई. तिथे दुखते तिथे चोळले जाई. बरे वाटले तर ठीक, नाही तर रुग्ण एखाद्या हाडवैद्याचा दरवाजा ठोठावी. आणि तिथे गेलेल्यांपैकी काही जण खरोखर बरे होऊन येत, हे रुग्णालयातल्या डॉक्टरांना फारसे रुचत नसे.

त्या तरुणाचे नाव जेम्स हेन्री सिरिॲक्स. हातांनी करायच्या उपचारांना शरीररचनाशास्त्राच्या शिस्तीत बसवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत त्यांचे नाव आघाडीवर घेतले जाते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला आजही ते पहिल्या एकदोन वर्षांतच भेटते.

सिरिॲक्स यांचा जन्म १९०४ साली लंडनमध्ये झाला, आणि हातांच्या उपचारांचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला. त्यांचे आजोबा, आईचे वडील, हेनरिक केलग्रेन हे स्वीडनच्या सैन्यातील अधिकारी. स्टॉकहोमच्या शाही व्यायामसंस्थेत त्यांनी वैद्यकीय जिम्नॅस्टिक्सचे शिक्षण घेतले आणि पुढे लंडनमधील ईटन स्क्वेअर या प्रतिष्ठित वस्तीत स्वतःची उपचारसंस्था थाटली. केलग्रेन यांच्या पद्धतीत बोटांनी द्यायची कंपने, मज्जातंतूंवरचे घर्षण आणि सांध्यांच्या हालचाली यांचा भरणा असे. जेम्सचे वडील एडगर सिरिॲक्स यांनी याच पद्धतीवर १९०३ साली ग्रंथ लिहिला आणि पुढची अनेक वर्षे तिच्या बाजूने लेखणी झिजवली.

केलग्रेन यांच्या कीर्तीचा एक दाखला अमेरिकन साहित्याच्या इतिहासात सापडतो. मार्क ट्वेन यांची धाकटी मुलगी जीन हिला अपस्माराचे झटके येत. १८९९ च्या उन्हाळ्यात ट्वेन कुटुंब स्वीडनमधील सान्ना या गावी केलग्रेन यांच्या उपचारगृहात जाऊन राहिले आणि नंतर लंडनमध्येही तिच्यावर त्यांचेच उपचार चालू राहिले. ट्वेन इतके प्रभावित झाले, की १९०१ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळ समितीसमोर ऑस्टिओपॅथी या हातांच्याच दुसऱ्या उपचारपद्धतीची बाजू मांडायला ते स्वतः उभे राहिले. जीनचा आजार मात्र बरा झाला नाही. १९०९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी झटका येऊन स्नानाच्या टबातच तिचा मृत्यू झाला.

हातांच्या उपचारांचे मोठेपण आणि त्यांचे अवास्तव दावे अशा दोन्ही गोष्टी जेम्सला वारशात मिळाल्या होत्या. आजोबा तापापासून अपस्मारापर्यंत सारे काही हातांनी बरे करू पाहत. नातवाने दाव्यांची ही पसरट चादर गुंडाळून ती दुखऱ्या सांध्यांपुरती, स्नायूंपुरती आणि मणक्यांपुरती आणली. दमा, रक्तदाब किंवा पोटाचे विकार मणका हलवून बरे होतात, असे म्हणणाऱ्यांवर पुढे ते तुटून पडत. हा राग कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो.

केंब्रिजमधील गॉनव्हिल ॲण्ड कीज महाविद्यालयात आणि मग सेंट थॉमसमध्ये शिकून १९२९ मध्ये ते डॉक्टर झाले. त्या काळातल्या मालिश विभागाची सामाजिक स्थितीही लक्षात घेतली पाहिजे. १८९४ साली लंडनमध्ये मालिशगृहांच्या नावाखाली चालणाऱ्या अनैतिक व्यवसायाचा गवगवा झाला, तेव्हा आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांच्या सनदी संस्थेचे मूळ ते हेच. स्पर्शाभोवती असलेला हा संशय दूर ठेवण्यासाठी या स्त्रियांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही, असा कडक नियम स्वतःवर घालून घेतला होता. त्यांचे हात कुशल होते, पण तो हात नेमका कुठे ठेवायचा हे सांगणारा डॉक्टर स्वतःच अंधारात असे. सेंट थॉमसचा विभाग त्यातल्या त्यात भाग्यवान, कारण जेम्स मेनेल यांच्यासारखा सांध्यांच्या हालचालींचा सखोल अभ्यास करणारा डॉक्टर तिथे दीर्घकाळ प्रमुख होता. त्यांच्यानंतर सिरिॲक्स यांच्याकडे तो विभाग आला.

सिरिॲक्स यांनी उपचारांपासून सुरुवात केली नाही. त्यांनी तपासणीपासून केली. त्यांच्या साऱ्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग हाच आहे. दुखणारी जागा दाबून पाहणे हा डॉक्टरांचा नेहमीचा रिवाज. सिरिॲक्स यांनी तो शेवटावर टाकला. त्यांचा विचार असा होता, की शरीरातील प्रत्येक ऊतीचे काम वेगळे आहे. ज्या कामात दुखते, त्यावरून कोणती ऊती बिघडली हे कळले पाहिजे. स्नायू आणि कंडरा आकुंचन पावून ओढ निर्माण करतात. सांध्याचे आवरण, अस्थिबंध आणि मज्जातंतूंची वेष्टने स्वतः काही करत नाहीत, ती फक्त ताणली जातात. मग रुग्णाला सैल सोडायला सांगून डॉक्टरने त्याचा हात स्वतः हलवला आणि दुखले, तर दोष ताणल्या जाणाऱ्या भागात. हात जागच्या जागी रोखून धरला, रुग्णाला सर्व शक्तीनिशी ढकलायला लावले, सांधा तसूभरही हलू दिला नाही आणि तरीही दुखले, तर दोष आकुंचन पावणाऱ्या भागात. जोर आहे पण दुखते, याचा अर्थ कंडरेला किरकोळ इजा. जोरही नाही आणि दुखतही नाही, तर कंडरा पूर्ण तुटली असावी किंवा मज्जातंतू काम करत नसावा. कोणतेही यंत्र न वापरता, केवळ दोन हातांनी दहा मिनिटांत करता येणारी ही तर्कशुद्ध चौकशी होती.

सांधा हलवताना शेवटच्या टोकाला हाताला काय जाणवते, यालाही त्यांनी महत्त्व दिले. कोपर सरळ करताना हाडाला हाड टेकल्याचा टणक थांबा येतो. गुडघा वाकवताना मांडीला पोटरी टेकल्याचा मऊ थांबा येतो. निरोगी सांध्यात हे स्वाभाविकच आहे. पण जिथे मऊ थांबा हवा तिथे तो उसळून परत आला, किंवा थांबा येण्याआधीच रुग्णाने कळवळून हात धरला, तर आत काहीतरी बिनसले आहे. प्रत्येक सांध्याचे आवरण आखडण्याची स्वतःची रीत असते, हेही त्यांनी नोंदवले. आखडलेल्या खांद्यात दंड बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते, बाजूने वर उचलणे त्याहून कमी आणि आतल्या बाजूला फिरवणे सर्वांत कमी. केस विंचरताना अडचण येते म्हणून आलेल्या मध्यमवयीन रुग्णाचा खांदा आजही फिजिओथेरपिस्ट याच क्रमाने तपासतो.

दुखणे जिथे जाणवते तिथेच त्याचा उगम असतो असे नाही, हा त्यांच्या विचाराचा दुसरा खांब. त्याला शास्त्रीय आधार मिळाला तो केलग्रेन घराण्यातल्याच एका संशोधकाकडून. जोनास केलग्रेन यांनी १९३८ च्या सुमारास स्वतःच्या आणि स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र क्षारद्रव टोचून वेदना कुठे कुठे पसरते, याचे नकाशे तयार केले. पार्श्वभागात टोचले तर पोटरीपर्यंत कळ जाई. (गुडघ्याच्या एक्स-रेवर झिजेची जी प्रत सांगतात, तिच्या नावातले केलग्रेन ते हेच.) मानेतले दुखणे हातात आणि कमरेतले पायात उमटत असेल, तर हात आणि पाय चोळत बसणे निरर्थक आहे, हा निष्कर्ष सिरिॲक्स यांनी काढला. प्रत्येक वेदनेला उगम असतो, उपचार त्या उगमापर्यंत पोहोचला पाहिजे आणि पोहोचल्यावर त्याने तिथे उपकार केला पाहिजे, या आशयाची त्रिसूत्री ते विद्यार्थ्यांकडून घोकून घेत.

या त्रिसूत्रीतून त्यांचे खोल आडवे घर्षण आले. आपल्याकडच्या तेल-मालिशीची सवय असलेल्यांना ते विचित्र वाटेल, कारण त्यात तेल वर्ज्य आहे. बोट कातडीवरून घसरायचे नाही. कातडीसकट सरकून बोटाने खालच्या कंडरेच्या तंतूंना आडवे घासायचे, तेही अगदी बोटभर जागेत, पंधरा-वीस मिनिटे. पहिली काही मिनिटे रुग्ण तोंड वाकडे करतो, मग ती जागा बधिर होते. जखम भरताना तंतू एकमेकांना चिकटून राहतात आणि आडव्या घर्षणाने ते मोकळे होतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. उपचारकाची बोटे या कामात अक्षरशः पिळवटून निघतात.

टेनिस एल्बोवर त्यांनी १९३६ साली लिहिलेला प्रबंध प्रसिद्ध आहे. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये याच दुखण्याने मैदानाबाहेर बसवले आणि २००५ मध्ये त्यांच्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरात हा शब्द पोहोचला. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते, तिथे हा बिघाड असतो. म्हणूनच कोपराचे दुखणे मनगटाला विरोध करून तपासायचे असते. हे कोडे उलगडून दाखवण्यात सिरिॲक्स यांचा वाटा मोठा आहे.

मात्र त्यांना खरी ख्याती आणि वादही कमरेने मिळवून दिले. १९३४ साली अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी मणक्यांमधली चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो, हे दाखवून दिले होते. सिरिॲक्स यांनी हा धागा पुढे ओढला. कंबर धरणे हेही स्नायूंचे नव्हे, तर चकतीचेच दुखणे आहे. सरकलेला तुकडा मज्जारज्जूच्या वेष्टनावर दाबतो म्हणून माणूस वाकडा होतो, असे त्यांनी १९४५ मध्ये मांडले. चकतीचा कडक कूर्चेचा तुकडा एकाएकी सरकला असेल, तर हाताच्या झटक्याने तो जागेवर बसवता येतो आणि आतला मऊ गर हळूहळू बाहेर आला असेल, तर त्याला दीर्घकाळ ताण द्यावा, अशी विभागणी त्यांनी केली. मानेच्या उपचारात साहाय्यक रुग्णाचे पाय धरून ठेवत आणि सिरिॲक्स डोके ओढून धरत मान वळवीत. भूल देऊन हे करण्याला त्यांचा सक्त विरोध होता. प्रत्येक झटक्यानंतर रुग्णाला विचारायचे, पुन्हा तपासायचे, आणि मगच पुढचा झटका द्यायचा की थांबायचे ते ठरवायचे. झोपलेला रुग्ण कसे सांगणार? लघवीवरचा ताबा सुटला असेल किंवा मज्जारज्जूवरच दाब असेल, तर हात लावायचा नाही, हेही ते बजावत.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे, की हात हेच एकमेव साधन आहे असा हट्ट त्यांनी धरला नाही. माकडहाडाजवळच्या छिद्रातून मज्जारज्जूच्या वेष्टनाबाहेर बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन ते हजारो रुग्णांना देत. स्टेरॉइड औषधे हाती आल्यावर त्यांनी तीही वापरली. दोष जिथे बोटांनी पोहोचता येत नाही तिथे सुईने पोहोचायचे, इतका साधा हिशोब होता.

स्वभावाने ते फटकळ, ठाम आणि भांडखोर होते. ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर यांच्यावर ते सतत टीका करत, पण तितकाच राग त्यांना स्वतःच्या व्यवसायबंधूंचा येई. डॉक्टरांनी हातांचे उपचार तुच्छ मानले, म्हणूनच लाखो रुग्ण पदवी नसलेल्यांच्या दारात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. यावर उपाय म्हणून त्यांनी फिजिओथेरपिस्टांकडे बोट दाखवले. निदान डॉक्टरने करावे आणि मणके हलवण्याचे काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने करावे, हा विचार त्या काळी धाडसी होता. सेंट थॉमसच्या विद्यालयात ते फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनींना हे तंत्र शिकवू लागले, तेव्हा सहकारी डॉक्टरांना ते धोक्याचे वाटे. यातला विरोधाभास असा, की ज्यांना ते डॉक्टरांचे हात मानत होते, त्यांच्या हाती त्यांनी निदानाची विद्याही देऊन टाकली. ब्रिटनमध्ये १९७७ साली फिजिओथेरपिस्टांना स्वतःच्या निर्णयाने उपचार ठरवण्याची मोकळीक मिळाली, त्यामागे असलेल्या आत्मविश्वासात सिरिॲक्स यांच्या तपासणीचा भाग नक्कीच होता.

त्यांचा ऑर्थोपेडिक मेडिसिन या विषयावरील दोन खंडांचा ग्रंथ १९४० च्या दशकात आकाराला आला आणि १९८० च्या दशकापर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९६९ साली ते सेंट थॉमसमधून निवृत्त झाले. १९७० मध्ये सामान्य वाचकांसाठी त्यांनी सरकलेल्या चकतीवर पुस्तक लिहिले. पत्नी पॅट्रिशिया याही फिजिओथेरपिस्ट होत्या. दोघांनी मिळून देशोदेशी अभ्यासवर्ग घेतले आणि १९८३ मध्ये सचित्र मार्गदर्शिका काढली. अमेरिकेत रोचेस्टर येथे ते पाहुणे प्राध्यापक म्हणून जात. नॉर्वेचे फ्रेडी काल्टेनबोर्न त्यांच्याकडे शिकले. ॲडलेडचे जेफ्री मेटलंड १९६१ च्या अभ्यासदौऱ्यात त्यांना भेटले, आणि मग त्यांच्यापासून दूर जात अलगद, लयीत दिलेल्या हालचालींची स्वतःची पद्धत त्यांनी घडवली. १९७४ मध्ये हातांनी उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ती याच पिढीच्या खटपटीतून. भारतात पोलिओच्या साथीनंतर १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय सुरू झाले. सिरिॲक्स यांची तपासणी आणि आडवे घर्षण हे दोन्ही पुढे आपल्याकडच्या अभ्यासक्रमात रुळले.

जून १९८५ मध्ये सिरिॲक्स यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या सिद्धांतांची खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती घेतली त्यांच्या हयातीत सर्वदूर न पोहोचलेल्या एमआरआय यंत्राने. कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांच्या मणक्यांची चित्रे तपासणारा अभ्यास १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. सरकलेला भाग हाताच्या झटक्याने परत जागेवर जातो, याला पुरावा मिळाला नाही; उलट बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेते, असे दिसले. मग झटक्यानंतर माणूस ताठ उभा राहतो तो कशाने? स्पर्श आणि हालचाल यांमुळे मज्जासंस्थेत वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात, घट्ट स्नायू सैल पडतात आणि उपचारकावरच्या विश्वासाचाही त्यात वाटा असतो, असे आजचे संशोधन मानते. आडव्या घर्षणाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये घेतला गेला, तेव्हा टेनिस एल्बोवर त्याचा उपयोग होतो की नाही, हे ठरवण्याइतका पुरावाच सापडला नाही.

त्यांनी वापरलेल्या स्टेरॉइडचा अनुभव तर अधिक धडा देणारा आहे. ऑस्ट्रेलियात टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. इंजेक्शन घेतलेले सहा आठवड्यांनी सर्वांत पुढे होते, पण वर्षअखेरीस तेच मागे पडले. हातांचे उपचार आणि व्यायाम यांच्या जोडीने सुरुवातीचे आठवडे अधिक सुकर झाले. मात्र वर्षानंतर हे रुग्ण आणि काहीही न करता थांबलेले रुग्ण यांत फारसा फरक उरला नव्हता.

कंबरदुखीच्या बाबतीत ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा आहे, की हातांचे उपचार देता येतील, पण व्यायामाच्या जोडीनेच, एकटे नव्हेत. चकतीच्या दुखण्यात व्यायामाकडे संशयाने पाहणाऱ्या सिरिॲक्स यांनी हे कदापि मान्य केले नसते; त्यांच्या स्वभावाला अनुसरून त्यांनी बहुधा एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाला तिखट पत्र धाडले असते.

त्यांची तपासणीसुद्धा कसोटीवर घासली गेली. दोन तपासनीसांचे निष्कर्ष खांद्याच्या बाबतीत बऱ्यापैकी जुळतात, इतर सांध्यांत तितके जुळत नाहीत. तरीही नव्या पिढीने ती टाकून दिलेली नाही. फिजिओथेरपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी अजूनही रुग्णाचे कोपर बाजूला धरतो, मनगट वर उचलायला सांगतो, स्वतःच्या तळव्याने ते रोखून धरतो आणि विचारतो, दुखले का आणि नेमके कुठे.